आगगाडीतली आग

भाषेत काही शब्द असे असतात की त्यांनी दाखवलेली वस्तू काळाच्या ओघात निघून जाते आणि शब्द मात्र मागे राहतो. 'आगगाडी' हा त्यांतलाच एक. आमच्या अंधेरीच्या फलाटावर आजही एखाद्या आजीबाई नातवाला 'आगगाडी आली बघ' असे सांगताना ऐकू येतात. परंतु समोर येऊन थांबलेल्या गाडीत आगही नसते आणि धूरही नसतो. बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेच्या कुलाबा-बोरिवली मार्गावर विजेच्या गाड्या ५ जानेवारी १९२८ रोजी सुरू झाल्या. म्हणजे उपनगरी प्रवासातून वाफ हद्दपार होऊ लागून आता शतक भरत आले. तरीही शब्द टिकला. ग. दि. माडगूळकरांच्या मामाच्या गावच्या बालगीतातून तो 'अगीनगाडी' या रूपात पिढ्यान्‌पिढ्या मुलांच्या तोंडी बसला आणि धुराचा अनुभव नसलेल्या मुलांनाही धुराची आठवण देऊन गेला.

अनुभवावाचून मिळालेल्या या आठवणीचे आम्हांस बरेच दिवस कुतूहल होते. म्हणून गेल्या हिवाळ्यात आम्ही काही स्नेही एक दिवस ठरवून नेरळ-माथेरानच्या छोट्या गाडीस भेट देण्यास निघालो. मंडळींत शिकवणारे होते, शिकणारे होते, आणि एक निवृत्त शिक्षकही होते. जपून ठेवलेली रेल्वे पाहावी, एवढाच साधा हेतू होता. परंतु जपणे म्हणजे काय आणि काय जपले जाते, हा प्रश्न घराबाहेर पडताक्षणीच आमच्या सोबतीला आला.

त्याचे कारण अंधेरीच. अंधेरीचा रेल्वेशी संबंध फार जुना आहे. १८६४ साली ग्रँट रोडपासून उत्तरेकडे जाणारा मार्ग खुला झाला आणि १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून बॅकबेपर्यंत पहिली उपनगरी गाडी धावली. त्या वेळच्या स्थानकांत अंधेरीचे नाव आहे. आजचे गोरेगाव त्यात 'पहाडी' या नावाने येते. हा इतिहास बहुतेकांस थोडाफार ठाऊक असतो. परंतु अंधेरीस आणखी एक रेल्वे होती, हे फारच थोड्यांना माहीत असते. १९२८ सालीच, म्हणजे उपनगरी गाड्यांना वीज मिळाली त्याच वर्षी, तुर्भ्याहून कुर्ल्यामार्गे अंधेरीस येणारा सुमारे १३ किलोमीटरांचा एक मार्ग सुरू झाला. साष्टी-तुर्भे रेल्वे किंवा सेंट्रल साल्सेट ट्रामवे अशी त्याची नावे. बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टसाठी तो ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे चालवीत असे. अवघ्या सहा वर्षांत, १९३४ मध्ये, तो बंद झाला. रूळ उखडले गेले आणि त्याखालची काही जमीन पुढे सांताक्रूझच्या विमानतळाच्या पोटात गेली.

आज या मार्गाची एकही खूण आम्हांस अंधेरीत दाखवता येत नाही. त्याच्यावर गाणे नाही, त्याची दंतकथा नाही, त्याच्या नावाचा एखादा नाकाही आम्हांस आढळलेला नाही. सकाळी आम्ही वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रोत बसलो, तेव्हा चकाला, मरोळ, साकीनाका अशी स्थानके मागे टाकीत गाडी पूर्वेकडे निघाली आणि आमच्या मनात आले की पश्चिमेस पूर्वेशी जोडण्याची जी खटपट १९२८ साली झाली होती, तीच २०१४ साली खांबांवरून पुन्हा झाली. मधल्या ऐंशी वर्षांनी पहिली खटपट पुसून टाकली होती. एक रेल्वे एवढी समूळ विसरली जाते आणि दुसरी शतकभर लाडाने जपली जाते, असे का व्हावे?

घाटकोपरला आम्ही कर्जतची लोकल पकडली. ठाणे आले तेव्हा विद्यार्थ्यांपैकी एकाने १८५३ सालचा उल्लेख काढला. १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी बोरीबंदरहून निघालेली १४ डब्यांची गाडी सुमारे ४०० निमंत्रितांना घेऊन येथवर आली. तिला ओढणाऱ्या तीन इंजिनांना साहिब, सिंध आणि सुलतान अशी नावे होती. निघताना २१ तोफांची सलामी झाली. दहा वर्षांनी, १८६३ मध्ये, गोविंद नारायण माडगावकरांचा 'मुंबईचे वर्णन' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. मराठी गद्याने आगगाडी या नव्या वस्तूला किती लवकर आपल्या घरात जागा दिली, हे त्या काळच्या लेखनावरून ध्यानी येते. 'आगबोट' आणि 'आगगाडी' ही जोडी पाहावी. परकी यंत्रे आली, परंतु त्यांस नाव देताना मराठी माणसाने त्या यंत्राच्या पोटात जे दिसले तेच नावात घातले. इंग्रजांनी वाफ पाहिली. आपण आग पाहिली. त्या आगीसमोर उभे राहून कोळसा लोटणारा माणूस बहुधा आपल्यातलाच होता, एवढे तरी या शब्दामुळे विसरता येऊ नये.

कल्याणच्या पुढे गाडी मोकळी झाली. हा मार्ग १८५६ साली कल्याणहून पळसदरीपर्यंत पोचला आणि नेरळ नकाशावर आले. त्याच्या सहा वर्षे आधी, १८५० च्या मे महिन्यात, ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी माथेरानचे पठार 'शोधून काढले' असे पुस्तकांत छापलेले असते. ठाकर, कातकरी, धनगर यांच्या पाऊलवाटा तेथे आधीपासूनच होत्या. तेव्हा हा शोध कोणासाठी होता हे वेगळे सांगावयास नको. १८५५ साली गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन तेथे येऊन गेले आणि माथेरान हे मुंबईकर साहेबांचे व शेठियांचे उन्हाळी ठिकाण झाले. नेरळपर्यंत आगगाडी होती. तेथून वर जायचे तर घोडा, पालखी किंवा माणसांनी ओढायची वाहने.

याच ठिकाणी दंतकथा सुरू होते. मुंबईचे धनाढ्य बोहरा व्यापारी आदमजी पीरभाई नेरळला उतरले, त्यांना वर जाण्यास वाहन मिळेना, आणि 'आता येईन तो माझ्या स्वतःच्या गाडीनेच' असा त्यांनी पण केला, असे सांगतात. कथा गोड आहे. तिच्या जोडीला कागद ठेवला की चित्र थोडे निराळे दिसते. बांधकाम १९०४ मध्ये सुरू झाले आणि मार्ग मार्च १९०७ मध्ये खुला झाला. खर्च सोळा लाख रुपयांच्या घरात गेला आणि तो पीरभाईंनी सोसला. परंतु काम उभे केले ते त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी. सल्लागार अभियंता होते एव्हरार्ड कॅलथ्रॉप. बार्शी लाइट रेल्वे उभारून अरुंद रुळांवरून किती काम करून घेता येते हे ज्यांनी महाराष्ट्रालाच दाखवून दिले होते, तेच हे गृहस्थ. इंजिने आली जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कारखान्यातून, एकूण चार. १९०७ हेच वर्ष आदमजींना 'सर' किताब मिळाल्याचे, आणि त्याच वर्षी कराचीस भरलेल्या मुस्लिम लीगच्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते. एवढा सगळा पसारा दंतकथेने एका माणसाच्या हट्टात गोळा केला. दंतकथा खोटी असते असे आम्ही म्हणत नाही. तिला माणसे मोजकी लागतात, एवढेच.

नेरळच्या आवारात एक जुने वाफेचे इंजिन उभे आहे. रंगरंगोटी नीट आहे. आमच्यातल्या मुलांनी त्याच्यापुढे छायाचित्रे काढली आणि मग साहजिकच विचारले, 'आपल्या गाडीला हेच लागणार का?' नाही. या मार्गावर १९५० च्या दशकात डिझेल इंजिने आली आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीस वाफेचा नियमित कारभार संपला. मूळ चार इंजिनांपैकी एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात गेले, एक थेट इंग्लंडला पोचले. अलीकडच्या वर्षांत रेल्वेने एका डिझेल इंजिनालाच वाफेच्या इंजिनाचे रूप दिले आहे. म्हणजे बाहेरून आगगाडी आणि आतून डिझेल. हे पाहून हसावे की काय करावे, हे आम्हांस चटकन ठरवता आले नाही. निवृत्त गुरुजी एवढेच म्हणाले, "अहो, आमच्या लहानपणी खिडकीत बसलं की डोळ्यात कोळशाची कणी जायची. आई पदराचं टोक ओलं करून ती काढायची. आता ती कणी कुठून आणणार?"

त्या कणीचा विचार करीत आम्ही डब्यात बसलो. दोन फूट रुंदीचा रूळमार्ग. नेरळपासून माथेरानपर्यंत सुमारे २० किलोमीटर, तर चढ साधारण ४० मीटरांपासून ८०० मीटरांपर्यंत. सर्वांत कठीण जागी वीस फुटांना एक फूट एवढी चढण. रस्त्याने हेच अंतर जवळजवळ निम्मे भरते; रूळ मात्र डोंगराच्या कलाने, वळसे घेत, पुन्हा पुन्हा मागे वळून पाहत वर जातो. अशा वळणांवर साधे इंजिन अडते, कारण त्याचे आस एकमेकांस समांतर घट्ट बांधलेले असतात. म्हणून येथील जुन्या इंजिनांच्या टोकाच्या आसांना वळणानुसार बाजूस सरकण्याची मोकळीक ठेवलेली होती. उतरताना प्रश्न उलटा होतो: गाडी आवरायची कशी? त्यासाठी डब्यांपाशी ब्रेक सांभाळणारी माणसे असत. हाताने चाक फिरवून, चालकाच्या शिट्टीच्या इशाऱ्यावर, ती आपापला डबा रोखून धरीत. या गाडीचे वारसापण सांगताना वळणे, बोगदा आणि देखावे यांची वर्णने खूप येतात. त्या हातांचे वर्णन क्वचित येते.

जुम्मापट्टी गेले आणि 'वॉटर पाइप' नावाचे स्थानक आले. नाव इंग्रजी, अर्थ अगदी रोखठोक. वाफेच्या इंजिनाला कोळशाआधी पाणी संपण्याची भीती असते. अर्ध्या वाटेवर टाकी भरून घ्यावी लागे. ती येथे भरत. डिझेलला या थांब्याची गरज नाही, परंतु नाव राहिले. 'आगगाडी'प्रमाणेच हेही वस्तू गेल्यावर मागे उरलेले नाव.

येथे गाडी थांबली असता आमच्यातील एका प्राध्यापक बाईंनी जो प्रसंग काढला, त्याने आमच्या सहलीचा सूर बदलला. त्या म्हणाल्या की वाफेच्या गाडीचे स्मरणरंजन करताना आपण मसूरचे स्टेशन विसरू नये. १९०१ साली, म्हणजे माथेरानची ही रेल्वे बांधली जाण्याच्या थोडेच आधी, साताऱ्याहून काही मुले आगगाडीने वडिलांच्या नोकरीच्या गावी निघाली आणि मसूरला उतरली. त्यांतील एकाचे नाव भीमराव आंबेडकर. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या आठवणींत बाबासाहेबांनी तो प्रसंग नोंदवला आहे. नीटनेटके कपडे केलेली ती मुले पाहून स्टेशनमास्तरांनी विचारपूस केली. आपण महार आहोत असे मुलांनी सांगताच ते मागे फिरले. बैलगाडीवाले न्यावयास तयार होईनात. शेवटी दुप्पट भाड्यावर एक गाडीवान कबूल झाला, तोही या अटीवर की गाडी मुलांनी हाकावी आणि त्याने बाजूने चालावे. शिधा बरोबर होता, परंतु वाटेत त्यांना पिण्यास पाणी मिळाले नाही आणि रात्र उपाशी काढावी लागली.

बाई एवढेच बोलून थांबल्या. बाहेर 'वॉटर पाइप' ही पाटी होती. ज्या काळात यंत्राच्या तहानेसाठी डोंगरात स्थानक बांधले जात होते, त्याच काळात आगगाडीने आलेल्या मुलांची तहान कोणी भागवीत नव्हते. आगगाडीने सर्वांना एका डब्यात बसवून समाज बदलला, असे विधान आपण पाठ्यपुस्तकांत वाचतो, वर्गात सांगतोही. ते अगदीच चूक नाही. तिकीट काढणाऱ्याची जात रेल्वे विचारीत नव्हती. परंतु फलाट संपला की गाव सुरू होत असे, आणि गावाचे नियम रुळांनी बदलले नव्हते. रेल्वेचा इतिहास लिहिताना रुळांवरचे लिहायचे आणि स्थानकाबाहेरचे वगळायचे, ही सोय आपण फार काळ घेतली आहे.

अमन लॉज आले. याच्यापुढे माथेरानात मोटारींना बंदी आहे; २००३ साली हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला गेला. लाल मातीच्या वाटा, घोडे, आणि हातरिक्षा. या हातरिक्षा कित्येक वर्षे माथेरानच्या 'जुन्या जगाची' खूण म्हणून छायाचित्रांत झळकत आल्या. माणसाने माणसाला ओढून चढावर न्यायचे, आणि पाहुण्याने त्याला वारसा म्हणायचे! ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा मानवी प्रतिष्ठेस बाधक ठरवली आणि सहा महिन्यांत ती बंद करून ओढणाऱ्यांना ई-रिक्षांचा पर्याय देण्याचे आदेश राज्य सरकारला दिले. त्या निर्णयाची बातमी वाचताना आम्हांस वाटले होते की माथेरानचे काहीतरी हरपेल. येथे उभे राहून चढण पाहिल्यावर तसे वाटल्याची लाज वाटली. प्रत्येक जुनी गोष्ट जपण्याजोगी नसते. काही गोष्टी आठवणीत जपाव्यात आणि व्यवहारातून मात्र निघून जाऊ द्याव्यात.

मग जपायचे काय? वेल्समधील तालिलिन ही छोटी रेल्वे बंद पडू लागली तेव्हा १९५१ मध्ये स्वयंसेवकांनी ती चालवावयास घेतली. जगभरातील जपणूक-रेल्वेंचा आरंभ तेथून मानला जातो. तेथे इंजिन पुसणारा, कोळसा लोटणारा, तिकीट फाडणारा हा हौसेने आलेला नागरिक असतो. आपल्याकडे असे घडले नाही. दार्जिलिंगला १९९९ साली जागतिक वारशाचा मान मिळाला, पुढे निलगिरी आणि काल्का-सिमला यांना; माथेरानचे नाव २००५ पासून प्रस्तावित यादीत आहे. या साऱ्या गाड्या सरकारी रेल्वेच चालवते, आणि तिची माणसे हौसेने नव्हे, पोटासाठी राबतात. २६ जुलै २००५ च्या पावसाने माथेरानचा मार्ग जागोजागी वाहून गेला, तो २००७ साली पुन्हा सुरू झाला. २०१९ च्या पावसानंतर पुन्हा खंड पडला आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये गाडी परत नेरळहून निघाली. प्रत्येक वेळी दरडी उपसणारे, रूळ पुन्हा मापात बसवणारे हात होते. या रेल्वेची जपणूक खरोखर कोणी केली असेल तर ती त्यांनी. आग विझली म्हणून ही आगगाडी खोटी झाली, असे आता आम्हांस वाटत नाही. इंजिनाचे सोंग खोटे असेल. परंतु घाट, वळणे, रुळाची रुंदी आणि दरवर्षी पावसानंतर ती पुन्हा उभी करण्याचे श्रम खरे आहेत.

परतताना आम्ही अमन लॉजपर्यंत शटल, पुढे दस्तुरीहून टॅक्सी आणि नेरळहून लोकल असे आलो. रात्री अंधेरीस उतरलो तेव्हा सकाळच्या प्रश्नाचे उत्तर थोडेफार हाती लागले होते. माथेरानची गाडी आठवणीत राहिली, कारण तिच्यात बसणारे लिहिणारे होते. त्यांनी प्रवासवर्णने लिहिली, छायाचित्रे काढली, मुलांना गोष्टी सांगितल्या. तुर्भे-अंधेरी मार्ग विसरला गेला. त्यावर जे राबले असतील, त्यांना कोणी काही विचारले नाही आणि त्यांनी काही लिहून ठेवले नाही. वारसा ठरवताना वस्तूच्या वयापेक्षा तिच्याविषयी कोण बोलले याला अधिक वजन मिळते. साहित्याच्या अभ्यासकांना हे नवे नाही. कोणते ग्रंथ टिकतात आणि कोणते हरवतात, याचीही कथा अशीच आहे.

म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही वर्गात एक साधे काम दिले. आपल्या घरी, चाळीत, सोसायटीत रेल्वेत नोकरी केलेले कोणी वडीलधारे असतील तर त्यांच्याकडून त्यांच्या कामाचे शब्द लिहून आणायचे: कोळसा लोटण्याचे, रूळ ठोकण्याचे, डबे जोडण्याचे, झेंडी दाखवण्याचे. निबंध नको, फक्त शब्द आणि त्यांचा अर्थ. पहिल्या आठवड्यात अकरा वह्या आल्या. त्यांतील निम्म्याहून अधिक शब्द आमच्यापैकी कोणीही ऐकलेले नव्हते.